राक्षसाची खुर्ची

एका राज्यात अशी रीत होती, की दरबारात राजाच्या डोक्यापेक्षा उंच काही ठेवायचं नाही. एकदा एक जादूगार आला. प्रधानांनी रीतीप्रमाणे त्याची उंच काठी कापली. जादूगार म्हणाला, "ज्या राजाला मान वर करावी लागत नाही, तो लहान लहान होत जावो. अमावास्येला दिसेनासा होवो!"

राजा धवलसेन आक्रसू लागला. तसतशी प्रधानांनी सिंहासनं कापली, खांब कापले, दारं बुटकी केली. राजा अंगठ्याएवढा उरला. राजकन्या उल्का रांगत दरबारात यायची नि संतापायची.

"प्रधानकाका, करवत आवरा!"

"बाळ, महाराजांचा मान राखायला नको?"

"मान राखताय, पण बाबा चाललेत!"

खिडकीत भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "डोंगरापल्याड राक्षसांचं ओसाड घर आहे. तिथली समई, घंगाळ नि खुर्ची आण."

उल्का निघाली. ताडाएवढी समई तिनं पेटवली, तशी ती उजेड सांडत मागून चालू लागली. तळ्याएवढं घंगाळ नदीत सोडलं, ते तरंगत निघालं. खुर्ची मात्र हलेना.

"राक्षस गेले," खुर्ची म्हणाली. "आता माझ्यावर कोण बसणार?"

"माझे बाबा. सध्या अंगठ्याएवढे आहेत."

खुर्ची खो खो हसली नि चार पायांवर चालू लागली.

अमावास्येच्या सकाळी तिन्ही वस्तू छत फोडून दरबारात उभ्या राहिल्या. "रीत मोडली!" दरबारातले म्हातारे ओरडले. उल्कानं लक्ष दिलं नाही. तिनं बाबांना तळहातावर धरलं.

राजानं समईकडे पाहिलं. मान वर, आणखी वर. घंगाळाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले.

"उल्के, मी लहान होतो तेव्हा सगळं असंच होतं गं. आईचं फडताळ आभाळात. त्यात लाडवांचा डबा. मी खाली उभा राहून नुसता बघत बसायचो. किती वर्षांत वर पाहिलंच नाही!"

बोलता बोलता तो वितीएवढा झाला, हातभर झाला, पुरा झाला. शाप फिटला. राजा खुर्चीवर चढून बसला, तरी खूप जागा उरली.

प्रधान खाली उभे होते. पागोटं सावरत, मान मागे टाकून ते कितीतरी वेळ वर बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

"महाराज, जरा सरकता का?"