जोडपी उभी राहतात तेव्हा

वेलंकनी माउलीची शपथ, या गोष्टीतला एक शब्दही पदरचा नाही.

फादर इनास तुस्कानो तेव्हा शंभरीत होते आणि नुसत्या नजरेने माडावरचा कावळा खाली पाडायचे. बरं, शंभरीत नव्हते, चौऱ्याऐंशीचे होते. कावळाही पडायचा नाही, उडून जायचा. पण जायचा नक्की. हातात काठी असायची, हे सांगायचं राहिलं.

“तिला येऊ नको म्हणून सांगू का, फादर?”

विचारणारा होता फादर ग्लॅडविन फुर्ट्याडो. सेमिनरीत फादर इनासांच्या हाताखाली शिकलेला, पुढे रोमला जाऊन विवाहाच्या धर्मनियमांवर डॉक्टरेट घेऊन आलेला. तो प्रवचनाला उभा राहिला की चर्चच्या मागच्या दारात मोबाइल चाळणारेही मोबाइल खिशात टाकत. हे त्यालाही ठाऊक होतं.

फादर इनास निवृत्त धर्मगुरूंच्या घरामागे सुकेळ्यांची राखण करत बसले होते. सोललेली राजेळी केळी मांडवावर वाळत पडली होती आणि वसईतले झाडून सगळे कावळे तिथे रविवारच्या मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला आल्यासारखे जमले होते.

“कोणाला?”

“जसिंताला. माझ्या बहिणीला.”

“का?”

“रविवारी पवित्र कुटुंबाचा सण आहे.”

त्या रविवारी काय होतं, ते फादर इनासांनी आयुष्यभर पाहिलं होतं. प्रवचन संपलं की सगळी जोडपी उभी राहतात, एकमेकांचे हात धरतात आणि लग्नातली वचनं पुन्हा म्हणतात. पुरुष लाजतात. बायका हसू दाबतात. घरून भांडून आलेलीही तेवढ्यापुरता हात हातात देतात.

“गेल्या महिन्यात तिला कोर्टातून घटस्फोट मिळाला,” ग्लॅडविन म्हणाला. “दुसऱ्या बाकावर बसते. बरोबर माझ्या समोर. आणि मी घटस्फोटावरच बोलणार आहे.”

“मग दुसऱ्या कशावर बोल.”

“लोक म्हणतील, घरचं प्रकरण निघालं तशी फादरची वाचा बसली.”

“हूश,” म्हणाले फादर इनास.

ते कावळ्याला होतं. बहुतेक.

“लिहून आणलंयस?”

आणलं होतं. ग्लॅडविनने कागद उलगडला, घसा साफ केला, आणि समोर हजार माणसं असावीत तसा उभा राहून वाचू लागला.

“जगाची हवा आपल्या घरांत शिरली आहे. माझं सुख, माझा हक्क, माझं स्वातंत्र्य, यापलीकडे आपल्याला काही दिसत नाही. काही जणांना संसार सिमकार्डासारखा वाटतो, रेंज नाही मिळाली की बदलायचा. काही जणांना त्याग म्हणजे काय, हेच माहीत नाही. काही जण थोडीसुद्धा कळ सोसायला तयार नाहीत…”

“चांगलं आहे,” फादर इनास म्हणाले.

ग्लॅडविनचा चेहरा खुलला.

“खरंही आहे. अशी माणसं मी पाहिली आहेत. जगाची हवा म्हणालास, तीही खोटी नाही.”

“तेच मी…”

“आता ‘काही जण’ काढ. तिथे बहिणीचं नाव घाल आणि वाच.”

“फादर…”

“जोरात वाच. मला कमी ऐकू येतं.”

कमी वगैरे काही नव्हतं. दोन वाड्या पलीकडे नारळ पडला तरी ते सांगायचे, कोणाचा पडला.

“जसिंताला संसार सिमकार्डासारखा वाटतो,” ग्लॅडविनने वाचलं. आवाज खाली आला. “जसिंताला त्याग म्हणजे…”

तो थांबला.

जसिंताचा नवरा जहाजावर होता. दूरच्या कुठल्याशा बंदरात त्याने दुसरा संसार मांडला. गावभर झाल्यावरही ती सासर सोडून गेली नाही, कारण सासू अंथरुणाला खिळलेली होती. तिला भरवायचं, पुसायचं, कूस बदलून द्यायची. सासूला माती दिली आणि मगच जसिंता बॅग घेऊन बाहेर पडली. रस्त्यातूनच तिने भावाला फोन केला.

भावाने तिला विवाहाचे नियम समजावून सांगितले. अगदी सोप्या भाषेत.

नंतर तिने त्याच्याच गावात खोली घेतली, शाळेत नोकरी धरली. रविवारी चर्चला यायची, मिस्सा संपली की निघून जायची. फोन मात्र पुन्हा केला नाही. स्वयंपाकीण ताट झाकून घरी गेली की चर्चच्या त्या मोठ्या बंगल्यात ग्लॅडविन एकटाच जेवायचा, मोबाइल ताटाशेजारी ठेवून. तो वाजायचा. पाळण्याचे, मयताचे, मांडवाच्या आशीर्वादाचे फोन असायचे.

“थांबलास का?”

“वाचवत नाही.”

“खोटं आहे?”

“तिच्या बाबतीत खोटं आहे. इतरांच्या बाबतीत खरं आहे.”

“इतर म्हणजे कोण?”

ग्लॅडविनने कागदाकडे पाहिलं. मग कावळ्यांकडे…

“ज्यांना मी ओळखत नाही, ते.”

फादर इनासांनी एक केळं उलटं केलं. मग दुसरं.

“पण मग घटस्फोट चालतो, असं सांगू का मी?” ग्लॅडविन चिडला. “ख्रिस्ताचं वचन बदलू?”

“कानामात्राही बदलायची नाही.”

“मग करू काय? जोडप्यांना उभं राहायला सांगणार मी. आणि ती माझ्या डोळ्यांसमोर एकटी बसून राहणार.”

“विधवा बसतात. लग्न न जमलेले बसतात. एवढी वर्षं दिसले नाहीत तुला?”

ग्लॅडविनने कागदाची घडी घातली.

“आणि तू?”

“मी वेदीपाशी उभा असतो.”

“कोणाबरोबर?”

मांडवावर कावळा उतरला. फादर इनासांनी काठी उचलली नाही.

“जोडपी उभी राहिली,” ते म्हणाले, “की तू खाली बस.”

रविवार आला. प्रवचन चार मिनिटांत आटोपलं. ‘काही जण’ काढल्यावर तेवढंच उरलं होतं.

ग्लॅडविनने जोडप्यांना उभं राहायला सांगितलं. बाकं करकरली. सगळे हात धरून उभे, आणि फादर वेदीच्या पायऱ्या उतरून खाली आले. दुसऱ्या बाकापाशी थांबले. जसिंताने सरकून जागा दिली. ते तिच्या शेजारी बसले आणि तिथूनच वचनं सांगू लागले. आवाज कुठून येतोय हे जोडप्यांना कळेना. ऑर्गनवाला भलताच सूर धरून बसला. जसिंताने भावाच्या झग्याच्या बाहीला डोळे पुसले, आणि त्या दिवशी बाहेर माडावर एकही कावळा ओरडला नाही.

असं सांगितलं की ऐकणारे खूश होतात, म्हणून सांगतो.

आता कबुली. जसिंता आली होती, हे मी रचलं.

तिला येऊ नको असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणावं लागलंच नाही. फादर ग्लॅडविन दुसऱ्या बाकावर बसले ते एकटेच. जागा कोणी करून दिली नाही, कारण जागा होतीच. डाव्या बाजूला एक म्हातारी विधवा बसली होती, तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा माळेचे मणी ओढू लागली.

एवढं सोडलं तर बाकी खरं आहे. संध्याकाळी ते फादर इनासांकडे गेले, तेही.

म्हातारा मांडवावरची केळी टोपलीत भरत होता. वर बघितलं नाही.

“मी बसलो, फादर.”

“हं.”

“ती आलीच नाही.”

फादर इनासांनी टोपलीवर फडकं टाकलं. नीट टाकलं, चारी कोपरे खोचून.

“मग तिच्या खोलीवर जाऊन बस.”