अण्णांचं उपरणं

नदीकाठच्या एका गावात घोडे बरेच होते, आणि घोड्यांविषयी बोलणारी म्हातारी माणसं त्याहून जास्त. दर वर्षी मार्गशीर्षात, खंडोबाच्या यात्रेला, तिथे घोड्यांची शर्यत व्हायची. माळावरून निघायचं, डोंगराला वळसा घालायचा आणि नदीच्या उतारानं देवळापाशी यायचं. जो आधी निशाणाला हात लावेल तो जिंकला.

पण खरा मान निशाणाचा नव्हता. तो उपरण्याचा होता.

शर्यत संपली की रायाजीअण्णा पुढे यायचे. अण्णा म्हणजे गावातले सगळ्यांत जाणते घोडेस्वार. खांद्यावरचं पांढरं उपरणं काढून ते जिंकलेल्या घोड्याची मान पुसायचे आणि मग ते उपरणं सगळ्यांसमोर उंच धरून पिळायचे. त्यातून घामाची धार लागली की लोक भंडारा उधळायचे. जितका घाम जास्त तितका स्वार शूर. उपरणं कोरडं निघालं, तर स्वारानं अंगचोरी केली असं म्हणायचे. घोड्याचं काय झालं, हे विचारायची रीत नव्हती.

अण्णांच्या धाकट्या भावाला एक मुलगी होती, केशर. वय एकोणीस. ती तालुक्याच्या कॉलेजात जायची आणि परत आली की घरात पाऊल टाकण्याआधी तबेल्यात जायची. जीभ तिखट. ती तिखट आहे हे तिला सगळेच सांगायचे, त्यामुळे तिनं ती गोड करण्याचा नाद सोडला होता.

एका यात्रेला अण्णांनी आपली घोडी हंसा पळवली. हंसा पहिली आली. अण्णांनी तिची मान पुसून उपरणं पिळलं. एवढी धार गावानं कधी पाहिली नव्हती. भंडाऱ्यानं पांढरी घोडी पिवळी होऊन गेली. लोक अण्णांना खांद्यावर घेऊन नाचत होते, तेव्हा हंसाजवळ फक्त केशर उभी होती. हंसाच्या बरगड्या थरथरत होत्या. केशरनं तिच्या कुशीला कान लावला. आत कुणी कोंडलं गेलं असावं आणि दोन्ही मुठींनी दार बडवत असावं, तसा आवाज येत होता.

दिवस मावळायच्या आत हंसा गेली.

ऊन लागलं, असं अण्णा म्हणाले. पारावरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. ऊन लागलं हे ठरून गेलं. केशरनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या सगळ्यांनी अंगावर घोंगड्या घेतल्या होत्या.

तिच्या तोंडी एक वाक्य आलं होतं. ऊन नाही अण्णा, तुम्ही. त्या दिवशी ते वाक्य तिनं गिळलं, पण टाकून दिलं नाही. कधीतरी साऱ्या गावासमोर ते बोलायचं, असं ठरवून तिनं ते जपून ठेवलं.

हंसाच्या मागे तिची पाच वर्षांची लेक राहिली, सावळी. पुढल्या यात्रेला सावळीवर आपण बसणार, असं अण्णांनी जाहीर केलं. केशर म्हणाली, मी बसणार. घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. शेवटी अण्णा हसले. मुलीचा हट्ट शर्यतीतच उतरेल, असा त्यांचा हिशेब होता.

"बस," ते म्हणाले. "नंबरात आलीस तर सावळी कायमची तुझी. नाही आलीस तर पुढल्या साली तिच्यावर मी."

अण्णांच्या खाली सावळी म्हणजे काय, हे केशरला माहीत होतं. तिनं हंसाला पाहिलं होतं.

ती रोज सकाळी सावळीला घेऊन माळावर जायची. चढावर हळू, सपाटीवर दुडकी, आणि उतार लागला की स्वतः खाली उतरून शेजारून चालायची. थांबल्यावर सावळीच्या पुढच्या डाव्या पायामागे कान लावायची आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजायची. ते शांत झाल्याशिवाय पुढे निघायची नाही.

पारावरून हे सगळं दिसायचं. गावातले सगळ्यांत मोठ्यानं बोलणारे धोंडीबाकाका एकदा तिला म्हणाले, "काय गं केशर, घोडी काय सांगते रोज कानात? स्थळ बिळ आलंय की काय तिला?"

"आलंय काका," केशर म्हणाली. "पण मुलाकडची म्हातारी मंडळी फार बोलतात, म्हणून नको म्हणते."

त्या वर्षी यात्रेच्या तोंडावर जिल्ह्याच्या अश्वारोहण मंडळाचे लोक गावात आले. त्यांनी नवी रीत सांगितली. आता शर्यत चाळीस किलोमीटरची. निशाणाला हात लावून भागणार नाही. पोचल्यापासून अर्ध्या तासाच्या आत घोड्याच्या काळजाचे ठोके मिनिटाला चौसष्टच्या खाली आले पाहिजेत. नाही आले, तर तो घोडा बाद. जे उरतील, त्यांच्यात आधी पोचला तो पहिला.

पारावर हसून हसून लोकांना ठसका लागला. घोड्याचं काळीज मोजायचं तर उद्या बैलाची नाडी बघाल, असं धोंडीबाकाका म्हणाले. तरुण पोरांना मात्र ही रीत हवी होती, कारण इथे जिंकणाऱ्याला पुढे राज्याच्या स्पर्धेत जाता येणार होतं. अण्णांनीही हरकत घेतली नाही. कोणत्याही रीतीनं आपणच जिंकणार, याची त्यांना खात्री होती. त्यांची एकच अट होती, उपरणं राहिलं पाहिजे. ते राहिलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी नऊ घोडे सुटले. अण्णा त्यांच्या तुफान नावाच्या घोड्यावर होते. डोंगरापर्यंतच त्यांनी सगळ्यांना मागे टाकलं. केशर सहावी होती. तिनं सावळीला ओढ्यावर पाणी पाजलं, मानेवर ओंजळीनं पाणी मारलं आणि वळशानंतर एकेकाला गाठलं. शेवटचा नदीचा उतार आला तेव्हा ती तिसरी होती. तिथे ती खाली उतरली. तिनं खोगिराचा पट्टा सैल केला आणि सावळीच्या गळ्यावर हात ठेवून चालू लागली.

खाली देवळापाशी तोवर जल्लोष सुरू झाला होता. अण्णा पहिले आले होते. त्यांनी तुफानची मान पुसली, उपरणं उंच धरलं आणि पिळलं. धार लागली. भंडारा उडाला. त्यांच्यामागून शेजारच्या गावचा एक दूधवाला आला. तो रोज घोड्यावरून दुधाच्या किटल्या न्यायचा. घोडा उधळला तर घरी पोचेपर्यंत लोणी निघेल, म्हणून त्याला घोडा पळवायची सवयच नव्हती. त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

मग केशर आली, पायी. लोक वाट देत हसत होते.

"कोण दमलं?" अण्णांनी विचारलं. "घोडी का तू?"

"कुणीच नाही. तिनं मला एकोणचाळीस किलोमीटर आणलं, मी तिला एक आणलं."

अण्णांनी उपरण्याच्या कोरड्या टोकानं सावळीची मान पुसली आणि ते पिळलं. खाली एक थेंब पडला नाही. त्यांनी ते लोकांकडे वळवून दाखवलं. गाव पोट धरून हसलं. केशरचे कान तापले, पण तिनं मान खाली घातली नाही.

एवढ्यात मंडळाच्या डॉक्टरबाई तुफानपाशी आल्या. त्या तरुण होत्या, किडकिडीत होत्या, आणि त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता. तुफान येऊन अर्धा तास पुरा झाला होता. त्यांनी नळी लावली, घड्याळ पाहिलं आणि पुन्हा लावली.

"ब्याण्णव," त्या म्हणाल्या. "बाद."

अण्णा म्हणाले, यंत्र बिघडलंय. पारावरची मंडळी म्हणाली, बिघडलंयच. धोंडीबाकाका डॉक्टरबाईंचं वय विचारू लागले. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून अण्णांपुढे धरला.

"अण्णा, तुम्हीच ऐका."

अण्णांनी चाळीस वर्षं घोड्यांच्या माना पुसल्या होत्या. एकदाही त्यांनी घोड्याच्या आत कान दिला नव्हता. त्यांनी नळ्या कानांत घातल्या. बाईंनी दुसरं टोक तुफानच्या डाव्या पायामागे धरलं.

अण्णा ऐकत राहिले. त्यांचा चेहरा आधी रागीट होता, मग तो नुसताच म्हातारा दिसू लागला. ते सावळीपाशी गेले आणि तिचंही ऐकलं. तिथे पलीकडच्या आळीत कुणी सावकाश कांडत असावं, तसा आवाज होता. एक ठोका, मग उसंत, मग दुसरा. ते परत तुफानपाशी आले. तुफानच्या नाकपुड्या फुगल्या होत्या आणि मागचे पाय थरथरत होते.

अण्णांनी केशरकडे पाहिलं. त्यांचा आवाज इतका खाली आला होता की तो फक्त तिलाच ऐकू गेला.

"हंसाचं असंच होतं का गं?"

वर्षभर जपलेलं वाक्य केशरच्या जिभेवर आलं. सगळं गाव समोर उभं होतं. असा मोका पुन्हा येणार नव्हता. पण अण्णा हातानं तुफानच्या मानेवरचा भंडारा झटकत होते.

"हो," ती म्हणाली. एवढंच. मग म्हणाली, "पण तुफान अजून उभा आहे, अण्णा. पाणी आणा."

साठी ओलांडलेले अण्णा नदीकडे धावले. बादली शोधत बसले नाहीत. खांद्यावरचं उपरणंच त्यांनी पाण्यात बुडवलं, तसंच निथळत आणलं आणि तुफानच्या मानेवर पिळलं. पुन्हा गेले. पुन्हा आणलं. केशरनं त्याचं खोगीर उतरवलं, त्याला सावलीत घेतलं आणि कुठूनशा दोन बादल्या आणल्या. एक तिनं अण्णांच्या हातात दिली. लोक बघत उभे होते. आज उपरण्यातून एवढी धार लागली होती, पण भंडारा उधळायचं कुणाला सुचलं नाही.

बाकीचे घोडे तपासून झाले आणि तिकडे देवळाच्या पायऱ्यांवर निकाल सांगितला गेला. दूधवाला पहिला आला होता. त्याला ते दोनदा सांगावं लागलं. दुसरं नाव केशरचं होतं. ते तीनदा पुकारलं, पण पायरीवर कुणी आलं नाही. ती तुफानच्या डाव्या पायामागे कान लावून बसली होती.

"किती?" अण्णांनी विचारलं.

"साठ."

अण्णा खाली बसले. ओलं उपरणं त्यांनी तोंडावर धरलं. केशर त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"सावळी तुझी," ते शेवटी म्हणाले. "नंबर आला नसता तरी तुझीच."

पुढच्या यात्रेला पुन्हा घोडे सुटले. पहिला स्वार निशाणाला पोचला तेव्हा अण्णा सवयीनं पुढे आले. लोक वाट बघत होते. अण्णांनी वाकून आधी घोड्याच्या कुशीला कान लावला. मग उपरणं बादलीत बुडवून ते त्याच्या मानेवर पसरलं.

धोंडीबाकाकांना ते बघवेना. "अण्णा," ते म्हणाले, "आपल्या वेळी असलं काही नव्हतं."

"आपल्या वेळी आपण चुकत होतो, धोंडीबा," अण्णा म्हणाले. "ही बादली धर."

आणि धोंडीबाकाकांनी बादली धरली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या घामावर आपला मान मोजू नये, आणि चूक कळली की आपलं वय न मोजता ती सुधारावी.