मिटलेल्या शिरा

नदीकाठच्या एका लहानशा शहरात पायांच्या शिरांवर उपचार करणारे एक वृद्ध डॉक्टर होते. त्यांच्याकडे ऋजुता नावाची तरुण डॉक्टर शिकत होती. तिचा हात हलका होता आणि नजर तीक्ष्ण. उणीव एकच, तिला वाट पाहता येत नसे.

दिवाळी सरली आणि कुमुदताई त्यांच्याकडे आल्या. बावीस वर्षे त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून उभ्याने काढली होती. गुडघ्यांमागे आणि पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या शिरांचे बारीक जाळे पसरले होते. एके काळी त्या पोहून नदी पार करत. हे जाळे उमटल्यापासून लोक पाहतील म्हणून त्या पाण्यात उतरल्याच नव्हत्या.

"माघी पौर्णिमेला माझी बहीण यायचीय," त्या म्हणाल्या. "लहानपणी दोघी पलीकडे जायचो. एकदा पुन्हा जावं म्हणते."

वृद्ध डॉक्टरांनी आधी खोलवरच्या मोठ्या शिरा तपासून घेतल्या. त्या निरोगी होत्या. मग त्यांनी ऋजुताला खूण केली. केसासारखी बारीक सुई एकेका शिरेत शिरली, औषधाचे थेंब आत गेले आणि ते निळे जाळे पाहता पाहता फिकट झाले. कुमुदताई घट्ट मोजे घालून हसत घरी गेल्या. ऋजुताचे मनही त्या दिवशी तरंगत होते.

तीन आठवड्यांनी कुमुदताई परतल्या त्या डोळे पुसतच. निळ्या रेषांच्या जागी आता तपकिरी रेषा उमटल्या होत्या.

"डॉक्टरबाई, निळं होतं तेच बरं होतं की हो!"

ऋजुताचा चेहरा उतरला. असे होऊ शकते हे तिने पुस्तकात वाचले होते, ताईंना आधी सांगितलेही होते. पण समोर रडणारे माणूस पाहून ते सारे ज्ञान विरघळून गेले. तिने घाईघाईने सिरिंजमध्ये पुन्हा औषध भरले.

वृद्ध डॉक्टर पुढे आले. प्रत्येक रेषेवरून त्यांनी हळुवार बोट फिरवले. कुठे गाठ नव्हती, सूज नव्हती, दुखतही नव्हते. मग त्यांनी ऋजुताच्या हातून सिरिंज घेतली आणि सगळे औषध बेसिनमध्ये सोडून दिले.

"उद्यापासून रोज संध्याकाळी तू ताईंबरोबर घाटावर चालायला जायचं," ते म्हणाले. "दुसरं काही करायचं नाही."

ऋजुताला हा अपमान वाटला. तरी ती गेली.

पहिले काही दिवस दोघी गप्पच चालल्या. कुमुदताई दर थोड्या वेळाने थांबत, मोजा किंचित खाली सरकवून पाय पाहत आणि सुस्कारा टाकत. त्यांच्या मागोमाग ऋजुताही पाही. नदीवर धुके उतरे, पलीकडचा काठ पुसट होत जाई, आणि चालता चालता आपण जमिनीवर आहोत की पाण्यावर हेच कळेनासे होई. हळूहळू कुमुदताई बोलू लागल्या. घाटरस्त्यावर बंद पडलेल्या गाड्या, एसटीतच जन्मलेले एक बाळ, पाण्याखाली डोळे उघडल्यावर दिसणारा हिरवा उजेड. एका संध्याकाळी ऋजुताच्या लक्षात आले, आठवडाभरात दोघींपैकी कुणीच पायांकडे पाहिलेले नाही.

त्या दिवशी त्यांनी पाहिले. रेषा उन्हात ठेवलेल्या कापडासारख्या विटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ऋजुताने विचारले, "सर, तुम्ही औषध का ओतून दिलंत?"

"कारण त्याचं काम पहिल्याच दिवशी झालं होतं," वृद्ध डॉक्टर शांतपणे म्हणाले. "आपण शीर मिटवली. रक्ताने दुसरी, निरोगी वाट धरली. तपकिरी दिसतो तो मागे उरलेल्या रक्ताचा डाग. मिटलेलं हळूहळू विरवून टाकणं हे देहाचं काम आहे, त्याला त्याचा वेळ लागतो. तू दुसऱ्यांदा सुई उचललीस ती ताईंच्या पायांसाठी की स्वतःच्या धास्तीसाठी?"

ऋजुताने विचारले, "मग मला चालायला का पाठवलंत?"

"चालण्याने ताईंच्या पायांतलं रक्त वर चढतं. आणि तुझ्यासाठी म्हणशील, तर नुसतं बसून थांबायला शिकता येत नाही गं. त्यासाठी कुणाच्या तरी सोबतीने चालावं लागतं."

माघी पौर्णिमेच्या सकाळी दोघी बहिणी घाटावर आल्या. ऋजुताही आली होती. धाकटीने वाकून पाहिले.

"ताई, पोटरीवर ही रेघ कसली गं?"

"असू दे. जायची असेल तर जाईल," कुमुदताई म्हणाल्या आणि पाण्यात शिरल्या.

दोन डोकी धुक्यात दूर जाऊ लागली. कोणते कुणाचे ते काठावरून ओळखू येईना. ऋजुता पायरीवर बसून राहिली. त्या पलीकडे केव्हा पोहोचतील, हे जाणून घ्यायची तिला घाई नव्हती.