तिसऱ्या पाटीवरचा पिवळा हात

फार वर्षांमागची गोष्ट आहे. त्या दिवशी सकाळी नदीवर धुकं असं दाट उतरलं होतं की पलीकडचा काठ दिसेना. हवेत गारठा होता, गवत दवानं ओलं होतं. आणि त्या धुक्याच्या आतून पलीकडच्या पाठशाळेची घंटा मात्र अगदी स्पष्ट ऐकू येत होती.

ती घंटा खरं तर अलीकडच्या पाठशाळेची. पण दरसाल सुगी आटोपली की दोन्ही काठांच्या पाठशाळा आट्यापाट्यांचा सामना खेळत, आणि जिंकणाऱ्याकडे वर्षभर घंटा राही. अलीकडचे सलग सहा वर्षं हरले होते. सहा वर्षं त्यांचे गुरुजी लोखंडाची पट्टी बडवून विद्यार्थ्यांना बोलावत होते. नव्यानं आलेल्यांना तर आपली घंटा कशी वाजते हे नदीवरच्या वाऱ्यानंच कळवलेलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मैदानावर आडव्या पाच पाट्या आखायच्या. पाटी म्हणजे हातभर रुंद पट्टा. एकेका पाटीवर एकेक राखणारा, त्यानं पाटी सोडायची नाही. दुसऱ्या बाजूचे गडी पाट्या ओलांडत पार जाणार आणि परत येणार. परत आला की त्यांचं एक लोण झालं. वाटेत राखणाऱ्यानं शिवलं की गडी बाद. तळाला भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडेपर्यंत डाव.

अलीकडच्यांचे पळणारे चांगले होते. राखणाऱ्यांचं काय, तेच कळत नव्हतं. सामन्याला आठ दिवस राहिले तेव्हा गुरुजींनी गावातल्या म्हाताऱ्या पारख्याला बोलावलं. हा पारखी बैलांचा. बाजारात त्यानं ज्या जोडीच्या पाठीवर हात ठेवला ती जोडी कधी फसली नाही, असा त्याचा लौकिक. म्हातारा हसला, म्हणाला की बैलांत आणि पोरांत फरक एवढाच की बैल मधे बोलत नाहीत.

त्यानं एक युक्ती काढली. पाच राखणाऱ्यांचे हात पाच रंगांत बुडवले. पहिल्या पाटीवर नीळ, दुसऱ्यावर काजळी, तिसऱ्यावर हळद, चौथ्यावर गेरू, पाचव्यावर पाल्याचा हिरवा रस. पळणाऱ्या वीस जणांना धुतलेल्या पांढऱ्या बंड्या घालायला दिल्या. ज्याच्या हाताचे ठसे जास्त, तो राखणारा खरा.

दिवसभर डाव रंगले. धुरळा उठला, आरडाओरडा झाला, दुपारची भाकर खायचं भान कुणाला राहिलं नाही. संध्याकाळी बंड्या दोरीवर टांगल्या तर जणू पताका लागल्या. गेरूचे अकरा ठसे, काजळीचे नऊ, हिरवे सहा, निळे चार. सगळे गडी दोरीखाली उभे राहून आपापला रंग शोधत होते.

हळदीचा ठसा एकही नव्हता.

म्हाताऱ्यानं बंड्या उलटसुलट करून पाहिल्या. मग तिसऱ्या पाटीवरच्या उंच, शांत गड्याला विचारलं, "बाबा, दिवसभर तू काय करत होतास?"

"उभा होतो," तो म्हणाला.

सगळे हसले. गेरूवाला म्हणाला, "याची हळद आम्ही लग्नासाठी राखून ठेवली आहे." मग तर हसून हसून लोक खाली बसले. तो गडीही हसला, पण त्याचे पिवळे हात त्यानं पाठीमागे नेले.

म्हाताऱ्यानं त्याला काढलं. त्याच्या जागी एक पळणारा घेतला, विजेसारखा चपळ. गुरुजी जरा घुटमळले, पण पारखी आपणच बोलावला होता, मग काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी नव्या गड्यानं तिसऱ्या पाटीवर इकडून तिकडे अशी धाव घेतली की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्याच दिवशी हळदीचे चार ठसे. पुढच्या दिवशी पाच. गडी त्याला खांद्यावर घेऊन नाचले. यंदा घंटा येणार, हे ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. म्हाताऱ्यालाही झोप कमी आणि घाई जास्त झाली होती. दोरीखाली जाऊन तो फक्त पिवळे ठसे मोजायचा आणि खुशीत घरी यायचा.

त्याचा शेजारी परीट. पाठशाळेच्या बंड्या तोच धुवायचा. सामन्याच्या आदल्या दिवशी म्हातारा घाटावर गेला तर हा कपडे वाळत टाकून पाय पसरून बसलेला, तेही सूर्य हातभर वर आला असताना.

म्हाताऱ्यानं विचारलं की एवढ्यात उरकलं कसं.

परीट म्हणाला, तुमच्या नव्या गड्याची कृपा. पहिल्या दिवशीच्या बंड्या घासता घासता माझे खांदे भरून आले होते. आता पिवळे डाग तेवढे चिवट, बाकी बंड्या कोऱ्याच येतात. मग सहज बोलल्यासारखा म्हणाला, "पारखीबुवा, हळद आली खरी, पण तुमचा गेरू कुठं गेला हो?"

म्हातारा तिथंच पायरीवर बसला. दोरीवरच्या बंड्यांवर धुऊनही राहिलेले पुसट डाग त्यानं मोजले. हळदीचे पाच, गेरूचे दोन, काजळीचा एक, हिरवा एक. निळा शोधूनही सापडेना. तीस ठशांचे नऊ झाले होते, आणि तो पाच बघून खूश होता.

तो तसाच मैदानावर गेला. काढलेला गडी धुरळा बसावा म्हणून पाणी शिंपडत होता. म्हाताऱ्यानं त्याला तिसऱ्या पाटीवर उभं केलं आणि म्हणाला, जसा उभा राहत होतास तसा राहा. गडी उभा राहिला. हात पसरले, पाय रोवले, डावी बाजू सगळी झाकली. उजवीकडे मात्र एक माणूस जाईल एवढी वाट मोकळी.

"ही वाट का सोडलीस?"

"सगळे तिथूनच जावेत म्हणून. पलीकडे त्याच कोपऱ्यात गेरूवाला थांबलेला असतो. आणि जे माझ्यासमोर घुटमळतात त्यांना मागून काजळीवाला गाठतो. मी शिवायला धावलो तर पाटी उघडी पडते, मग कोण कुठून जाईल ते कुणालाच कळत नाही."

"हे त्या दिवशी का नाही बोललास?"

गड्यानं पसरलेले हात खाली घेतले. मग म्हणाला, "काका, तुम्ही ठसे विचारलेत. ठसा माझा नव्हता."

म्हाताऱ्याला आपल्या बाजारातल्या जोड्या आठवल्या. आयुष्यात त्यानं एकेकटा बैल पाहून कधी होकार दिला नव्हता. दोघांवर जू ठेवायचा, चार पावलं चालवायचा, मग बोलायचा. बैलांना जेवढा वेळ दिला तेवढा या पोराला दिला नव्हता.

त्यानं पाठशाळेच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी झाली, हळद परत तिसऱ्या पाटीवर जाईल. कुजबुज झाली. उद्या सामना आणि आज हा बदल. चपळ गड्याचा चेहरा उतरला, तेव्हा म्हातारा त्याला म्हणाला, "तुझे पाय एका पाटीत कोंडून ठेवायचे नाहीत. तू पळ."

सामन्याच्या दिवशी पलीकडून होड्या भरून लोक आले. एका होडीत ताडपत्रीवर घंटाही आणली होती, परत न्यायच्या खात्रीनंच. अलीकडच्यांनी आधी पळून तीन लोणं केली, त्यांतली दोन त्या चपळ गड्याची. आता पलीकडच्यांना चार हवी होती.

वाटी पाण्यावर सोडली. पलीकडच्यांनी झपाट्यानं दोन लोणं केली, मग तिसरं झालं. माणसं जागेवर बसेनात. नंतर तिसऱ्या पाटीसमोर त्यांचे गडी थबकू लागले. एक घुटमळला, काजळीवाल्यानं गाठला. दुसरा उजवीकडून निसटला, गेरूवाला वाटच पाहत होता. एकेक करून सगळे बाद झाले आणि त्यांचा सगळ्यांत वेगवान गडी तेवढा उरला. वाटी काठापर्यंत भरली होती.

तो तिसऱ्या पाटीसमोर आला. डावीकडे झुकला, परत फिरला, पुन्हा झुकला. उंच गडी हलला नाही. मैदानावर इतकी शांतता झाली की नदीचं पाणी ऐकू यावं. शेवटी तो उजवीकडच्या मोकळ्या वाटेनं उसळला आणि थेट गेरूवाल्याच्या पंजात सापडला.

वाटी बुडाली. दोघांची तीन तीन लोणं, पण पलीकडचा एकही गडी उरला नव्हता, आणि अलीकडचे दोन आपल्या डावात शेवटपर्यंत बाद झाले नव्हते. बरोबरी झाली तर ज्यांचे गडी जास्त उरले त्यांची जीत, या रिवाजाप्रमाणे घंटा अलीकडच्यांची झाली. लोकांनी गेरूवाल्याला उचललं. गेरूवाला खांद्यावरूनच ओरडून सांगत होता की आधी त्या हळद्याला उचला, मी नुसता कोपऱ्यात उभा होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच दाट धुकं पडलं. घंटा या वेळी अगदी जवळून वाजली, इतकी जवळून की म्हाताऱ्याच्या ओसरीवरचं पाण्याचं भांडं थरथरलं. शेजारचा परीट बंड्यांचं गाठोडं घेऊन घाटाकडे निघाला होता. तो कुंपणाशी थांबला, घंटा संपेपर्यंत ऐकत राहिला, आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "पारखीबुवा, ज्याचा रंग कुठंच दिसत नाही त्याला काढून टाकण्याआधी बघावं, की त्याच्यामुळं बाकीच्यांचा रंग किती उठतो."