वाटणीचा दगड

मुलांनो, आणि मुलांच्या निमित्ताने ऐकायला बसलेल्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार जुन्या काळची. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. वरची वाडी, मधली वाडी आणि खालची वाडी मिळून ते गाव. गावाला नदी नव्हती, एक ओढा होता. त्यावर पूर्वजांनी बंधारा घातला होता आणि बंधाऱ्याच्या तोंडाशी एक लांबलचक दगड बसवला होता. त्या दगडात तीन सारख्या खाचा होत्या. एकेका खाचेतून एकेका वाडीचा पाट निघे. सगळं गाव त्या दगडाच्या न्यायावर जगत होतं.

पाणी सोडायचं काम गेनबाकडे होतं. गाव त्याला पाटकरी म्हणे. पाटांवरच्या लाकडी फळ्या कधी उचलायच्या, कधी पाडायच्या, हे रोज बदलायचं. म्हणून गेनबाचा सगळा जीव फळ्यांत. रोज सकाळी तो एकेक फळी हलवून बघायचा. परक्याचा हात फळीला लागला तर गेनबाला वासावरून कळतं, असं लोक गमतीनं म्हणत. दगडाकडे मात्र तो बघत नसे. कोणीच बघत नसे. पणजोबांच्या आधीपासून तो तसाच होता. जे बदलतच नाही, त्याची राखण कशाला करायची?

एका वर्षी खालच्या वाडीचा गहू ओंबीवर येण्याआधीच सुकू लागला. वरच्या वाडीचं जेमतेम भागत होतं, मधल्या वाडीत मात्र पाणी बांध ओलांडून वाहत होतं. खालच्या लोकांनी फळ्या तपासल्या. पाट वरपासून खालपर्यंत चालून पाहिला, तो कुठे फुटलेला नव्हता. मग संशय माणसावर गेला. गेनबाची सासुरवाडी मधल्या वाडीतली. कोणीतरी तेवढंच बोललं, आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. ज्या घरी गेनबा उन्हाचा दोन घटका टेकायचा, तिथे त्याला येताना पाहून दार लोटलं गेलं. पंचांनीही सांगून टाकलं की कारण सापडलं नाही, तर फळ्या दुसऱ्याच्या हाती द्याव्या लागतील.

कोणी चोरून फळी उचलतं का हे बघत गेनबाने नंतरचे दिवस फळ्यांजवळ बसून काढले. चोर काही आला नाही. एकदा म्हशीसाठी गवत कापायचं म्हणून तो उठला, विळा पाण्यात बुडवला आणि नेहमीच्या सवयीने मधल्या खाचेच्या कडेवर घासू लागला. तिथे करंजाची सावली पडे, पाणी हाताशी असे आणि दगडही धारेला चांगला. विळा दगडावरून अगदी अलगद घसरत होता.

इतका अलगद का, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचा हात थांबला.

त्याने कडेवरून बोट फिरवलं. कड जागोजागी गुळगुळीत झिजली होती. त्याने बोरूची एक काडी तोडून वरच्या खाचेत नेमकी बसेल अशी केली. खालच्या खाचेतही ती तशीच बसली. मधल्या खाचेत मात्र ती दोन बोटं अपुरी पडून पाण्यात गेली.

गेनबाने त्याच दुपारी तिन्ही वाड्यांना बंधाऱ्यावर बोलावलं, सगळ्यांच्या देखत पुन्हा काडी लावून दाखवली आणि हातातला विळा पुढे धरला.

"मी ज्याला धुंडत होतो तो चोर हा," तो म्हणाला. "माझ्याच हातात होता."

गवताला जाणारं प्रत्येक माणूस तिथेच बसून धार लावत आलं होतं. खालच्या वाडीची चिमाआजी सगळ्यांत वडील. कमरेचा विळा काढून ती त्याच्या पात्याकडे बघत राहिली.

"म्हणजे आमचं पाणी आमच्याच विळ्यांनी नेलं," ती म्हणाली. "आणि बोल लावला तो तुला. चुकलं रे बाबा आमचं."

मधल्या वाडीने आपण होऊन पाथरवट आणला आणि झिजलेली कड भरून घेतली. पुढे काय, यावर मात्र बराच वाद झाला. काही जण म्हणाले, दगड चुन्यात पुरता गाडून टाका, म्हणजे कोणाचा हातच लागणार नाही. चिमाआजीने विचारलं की उद्या वाटणी बदलायची वेळ आली तर काय घण घालणार? मग असं ठरलं की दगडासमोर लोखंडी जाळी बसवायची. पाणी वाहील, डोळ्याला खाच दिसेल, पण विळा पोचणार नाही. जाळीला एकच दार. सगळ्या वाड्यांची माणसं समोर उभी असतील तेव्हाच ते उघडायचं आणि माणसं पांगायच्या आत बंद करायचं. धारेसाठी वाटेच्या कडेला वेगळा दगड रोवायचा, कारण विळ्याला धार तर लागणारच.

किल्ली गेनबाकडे द्यावी, असं सगळ्यांच्याच मनात होतं. त्याने हात मागे घेतला.

"माझ्या मनात खोट नाही," तो म्हणाला, "पण हात सवयीचा गुलाम आहे. किल्ली देवळात ठेवा."

पुढे एकदा खाचेत शेवाळ साचलं म्हणून गेनबा तंद्रीतच ते खरवडायला लोखंडी आकडी घेऊन गेला. आकडी जाळीवर खणकन् आपटली. आधी तो वैतागला, मग एकटाच हसत बसला. खराट्याने जाळीबाहेरून पाणी ढवळलं, तसं शेवाळ सुटून वाहून गेलं.

काही वर्षांनी डोंगरापलीकडून दुष्काळाने उठलेली कुटुंबं आली. गावाने त्यांना चौथी वाडी वसवू दिली. किल्ली देवळातून आली, भर दिवसा दार उघडलं, चारही वाड्यांच्या डोळ्यांदेखत पाथरवटाने चौथी खाच पाडली, काडी लावून मापली आणि दार बंद झालं. त्या सुगीला चारही वाड्यांची खळी एकदमच भरली. खळ्यावरून खळ्यावर जाताना म्हाताऱ्या गेनबाला दर ठिकाणी ओंजळभर नवे गहू मिळाले, आणि घरी पोचेपर्यंत त्याच्या धोतराचा सोगा जड झाला होता.

तात्पर्य : जे क्वचित बदलतं आणि ज्यावर सगळ्यांचं चालतं, त्याला सगळ्यांत आधी कुंपण घालावं, आणि त्याची किल्ली चांगल्यातल्या चांगल्या माणसाच्याही एकट्या हाती ठेवू नये.