हौसाची मोळी

"उद्यापासून रानात कुऱ्हाड चालणार नाही हो!" अशी दवंडी पिटली गेली आणि सोनवड्याच्या बेचाळीस मोळीवाल्यांच्या पोटावर पाय आला. रान विरळ झालं होतं, झरे आटले होते, त्यामुळे राजे भुजंगराव चिडले होते. एकदा दिलेला हुकूम मागे घेणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

सकाळी सगळे मोळीवाले दरबारात जाऊन उभे राहिले. बोलायला मात्र एकटी हौसा पुढे झाली.

"महाराज, आम्ही खायचं काय?"

"दुसरं काम शोधा!"

"आम्हाला कुऱ्हाड चालवता येते, भारा बांधता येतो आणि रान कळतं. ह्यातलं काम कुठं मिळतं तेवढं सांगा, आत्ता जातो!"

दरबारात खसखस पिकली. महाराजांचा चेहरा लाल झाला.

"असं? मग ऐक! रोज कुऱ्हाड चालव. रोज भारा आण. पण वर्षाअखेर रान वाढलेलं दिसलं पाहिजे! एक झाड जरी कमी भरलं, तर बेचाळीसही घरांनी राज्य सोडायचं!"

"आणि वाढलं तर?"

"तर मागशील ते!"

दिवाण त्र्यंबकपंत गालातल्या गालात हसले. महिनाभर माणसं लावून त्यांनी झाडन् झाड मोजलं आणि प्रत्येकावर चुन्याचा पट्टा ओढला.

इकडे मोळीवाले हौसावर उखडले. "तोडायचं आणि वाढवायचं? डोकं फिरलं का तुझं?"

हौसा तडक रानात शिरली. तिलाही भीती वाटत होतीच. जिकडे तिकडे घाणेरीच्या काटेरी झुडपांची जाळी माजली होती. वाट काढताना तिचे हात ओरबाडले गेले. वैतागून तिनं एक जाळी ओढून बाजूला केली, तर खाली आवळ्याचं वीतभर रोप! पिवळं पडलेलं, उजेडासाठी मान वाकडी केलेलं. शेजारी ऐनाचं. त्याच्या पलीकडे आणखी दोन.

"अगं बाई!" हौसा ओरडली. "आणा रे कुऱ्हाडी! घाणेरी मुळासकट काढा. रोपाला मात्र धक्का लावू नका!"

रोज घाणेरीचे भारे येऊ लागले. हौसाच्या सासऱ्याला टोपल्या विणायची कला येत होती. त्यानं काठ्या उकळून सोलल्या, तशा त्या वेतासारख्या वाकू लागल्या. बघता बघता खुर्च्या, पाळणे, टोपल्या तयार झाल्या.

पण बाजारात लोक नाक मुरडायचे. "घाणेरीची खुर्ची? नावातच घाण!"

आठ दिवस एक टोपलीसुद्धा खपली नाही. तेव्हा हौसानं एक खुर्ची उचलली आणि भर दुपारी थेट दरबारात नेऊन ठेवली.

"महाराज, तुमच्या रानातल्या मालाला लोक नावं ठेवतात. तुम्हीही ठेवा, पण बसून बघा आणि मग ठेवा!"

महाराज बसले. जरा रेलले. पाठीला वारा लागला आणि पाचव्या मिनिटाला ते घोरू लागले! त्यांना उठवायचं कोणी? सगळा दरबार दिवस मावळेपर्यंत ताटकळत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी हौसाच्या दारात सरदारांची रांग लागली. दोन खुर्च्या तर त्र्यंबकपंतांनीच सांगितल्या.

वर्ष सरलं. महाराज स्वतः रानात आले. दिवाणांनी मोजणी केली.

"पट्ट्याचं एकही झाड कमी नाही, महाराज. नवी रोपं मात्र... अजून मोजतोच आहोत." मग ते हौसाकडे वळले. "पण घाणेरीही रानातलीच ना? ती तोडली, म्हणजे रान कमीच झालं!"

"पंत, पट्टे तुम्हीच ओढलेत. घाणेरीवर का नाही ओढलात?"

दिवाणांनी मोजणीची वही मिटली. महाराज मात्र इतक्यात हार मानणारे नव्हते.

"ठीक आहे! पण ही घाणेरी एक दिवस संपेल. मग काय तोडशील? पुन्हा माझी झाडंच ना?"

"मग कुऱ्हाडी मोडून कुदळी करू आणि उघड्या टेकड्यांवर खड्डे खणू," हौसा म्हणाली. "आम्हाला मोळीवाले म्हणणं आता सोडा, महाराज! वर्षभर आम्ही तुमचं रान वाढवायची नोकरी करतोय. फक्त आम्हाला नोकरीवर ठेवायचं तेवढं तुमचं राहून गेलंय!"

महाराज असे खदाखदा हसले की फांद्यांवरचे पोपट उडाले!

"त्र्यंबकपंत, लिहा! बेचाळीसही घरं आजपासून दरबारच्या चाकरीत. हौसाबाई, तुला काय हवं?"

"रानाबद्दल दवंडी पिटण्याआधी आम्हाला विचारत जा."

"लिहा, पंत! रानाचा कुठलाही हुकूम हौसाबाईंना विचारल्याशिवाय निघणार नाही!"

"महाराज, तुमचासुद्धा?" दिवाणांनी दबकत विचारलं.

महाराजांनी हौसाकडे पाहिलं. हौसानं होकारार्थी मान डोलावली.

"माझासुद्धा!"