गुडघ्यांवरून गेलेला आवाज

"...मग जड घेऊ की हलका? एका शब्दात सांगा, मास्तर."

ऑल्विन डाबरे लग्नाच्या मांडवाच्या मधोमध उभा होता. गळ्यात बेस गिटार, पायात चकचकीत बूट आणि समोर आवाज मोठा करणारे दोन अ‍ॅम्प.

एक जड, कपाटाएवढा. तो टेम्पोतून उतरवायला चौघं लागले. मी ट्रम्पेटवाला. माझं काम फुंकायचं, हमालीचं नव्हे. तरी एक कोपरा माझ्याच वाट्याला आला.

दुसरा हलका. तो ऑल्विनने भाजीच्या पिशवीसारखा एका हातात लटकावत आणला.

दोन्ही दुकानातून बघायला आणलेले. एक ठेवायचा आणि एक त्याच टेम्पोतून परत पाठवायचा.

सांतान मास्तर खुर्चीत बसून चहा पीत होते.

आमच्या बँडचा बेस आयुष्यभर मास्तरांनीच वाजवला. असलीच कपाटं चढव-उतरव करून त्यांची पाठ कामातून गेली. आता डॉक्टरांनी फार वेळ उभं राहू नका म्हणून सांगितलं होतं. आपली जागा ऑल्विनला द्यायची की नाही, ते मास्तर त्या दिवशी ठरवणार होते.

ऑल्विनचा त्या जागेत जीव अडकला होता. आणि ती आपल्यालाच मिळणार, याबद्दल पठ्ठ्याला तिळमात्र शंका नव्हती. बोटं होतीच तशी. खोटं कशाला बोलू?

"वाजव," मास्तर म्हणाले.

ऑल्विनने हलक्याला वायर जोडली. उभ्या उभ्या थोडं वाजवलं आणि तोंड वाकडं केलं.

"बघितलंत? आवाजाला वजनच नाही."

बटण वाढवलं. पुन्हा वाजवलं.

"अं हं."

आणखी वाढवलं.

"छे! हा काय अ‍ॅम्प आहे? डबा आहे डबा!"

मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला नवरदेवाची आत्या, मिंगेलीन बाय, फुलांच्या माळा करत बसली होती. ती उठली. तिने खुर्ची उचलली आणि आणखी लांब, केळीच्या वाडीच्या कडेला जाऊन बसली.

ऑल्विनचं तिकडे लक्ष नव्हतं. मास्तरांचं होतं.

"आता तो वाजव."

ऑल्विनने जडाला वायर जोडली. पहिल्याच सुराला त्याचा शर्ट थरथरला. चेहरा असा फुलला की विचारू नका.

"हा! याला म्हणतात आवाज. थेट छातीत शिरतो. वजन लागतं मास्तर, वजन! तुम्ही पण जन्मभर असलाच वापरलात ना?"

"वापरला."

"मग झालं तर!"

"आत्ताचा आवाज कुणी ऐकला?"

"कुणी म्हणजे? मी ऐकला की."

"हं..."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"गिटार इकडे दे," ते म्हणाले. "वायर हलक्याला लाव. बटणाला हात लावू नकोस, आहे तिथेच राहू दे. आणि त्याच्यासमोर मांडी घाल."

"कुठे? जमिनीवर?"

"मग काय माडावर?"

भांडी घासणाऱ्या बायका फिस्सकन हसल्या. ऑल्विनने आपल्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं. बायकांकडे पाहिलं... आणि बसला एकदाचा.

मास्तरांनी खुर्चीतूनच एक तार छेडली. एकच.

ऑल्विन मागच्या मागे कोलमडला. दोन्ही हात कानांवर.

"अरे देवा! बंद करा, मास्तर, बंद करा!"

"का रे? वजन नाही ना त्याला?"

...

मला हसू आवरेना. अहो, साधी गोष्ट आहे! डबा जमिनीवर, त्याचं तोंड गुडघ्यांसमोर आणि उभ्या माणसाचे कान कुठल्या कुठे वर. आवाज गुडघ्यांवरून पुढे निघून जातो. वाजवणाऱ्याला वाटतं, कमी पडतोय, म्हणून तो बटण पिळतो आणि तिकडे पाहुण्यांचे कान किटतात. कपाट उंच, त्याचा वरचा भाग छातीपर्यंत येतो, म्हणून त्याचा आवाज ऑल्विनला पोचत होता. बेसवाले सगळे इथेच फसतात. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं, तर मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप ट्रम्पेट पुसायला घेतला.

पण पोरगा हुशार. ताडकन उठला, पँट झटकली आणि हलका डबा उचलून खुर्चीवर ठेवला. त्याच्याखाली विटेचा तुकडा सरकवून तोंड आपल्या कानांच्या रोखाने कलतं केलं. बटण निम्म्याहून खाली आणलं. मास्तरांकडून गिटार घेऊन वाजवलं.

हसला.

"ठरलं! हलकाच!" त्याने टेम्पोवाल्याला हाक मारली. "ओ दादा, कपाट परत न्या!"

कपाट पुन्हा चढवायला पुन्हा आम्ही चौघं. मी कुणाचं काय घोडं मारलंय, देव जाणे.

टेम्पो गेला. ऑल्विन मास्तरांपुढे येऊन उभा राहिला, छाती पुढे काढून.

"झालं? मिळाली मला जागा?"

"पाणी आणायला जायचंय," मास्तर म्हणाले. "तयारी कर."

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणतात. बायका कळशा घेऊन नाचत-गात विहिरीवर जातात आणि नवरदेवाच्या अंघोळीचं पाणी घेऊन येतात. बँड त्यांच्या मागून चालतो. वाट केळीच्या वाड्यांमधून जाते, म्हणून जनरेटर आणि अ‍ॅम्प हातगाडीवर ठेवायचे आणि बेसवाल्याने गाडीमागून वाजवत चालायचं.

ऑल्विनने डबा हातगाडीवर चढवला. तोंड आपल्याकडे, विटेचा तुकडा खाली.

"असा ठेवला की झकास ऐकू येतं मला," तो म्हणाला.

मास्तर उठले. एक हात पाठीवर धरून हळूहळू गाडीपाशी आले. विटेचा तुकडा काढून टाकला आणि दोन्ही हातांनी डबा फिरवला.

आता त्याचं तोंड बायकांकडे होतं. ऑल्विनकडे पाठ.

"मास्तर, हे उलटं झालं."

"वाजव."

बायका जमल्या होत्या. लाल लुगडी, डोक्यात फुलं, कमरेवर कळशा. आम्ही सुरुवात केली. ऑल्विनही वाजवायला लागला. डब्याच्या मागे नुसता घुमारा येत होता. कुठला सूर कुठे पडतोय, त्याला काही उमगेना. त्यात माझा ट्रम्पेट त्याच्या कानाशी.

तो थांबला. त्याचा हात बटणाकडे गेला.

बटणावर मास्तरांचा हात होता.

"का रे बाबा, थांबलास का?" पुढून मिंगेलीन बाय ओरडली. दुपारी पळालेली हीच बाई. तिचा एक पाय नाचायला उचललेला तसाच राहिला होता. "आता कुठे जरा गंमत यायला लागली होती!"

ऑल्विनचा चेहरा उतरला. इतकी वर्षं मी त्याला ओळखतो, पण तो घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"मास्तर... मला माझंच ऐकू येत नाही."

"हो."

"जडच घ्यायला हवा होता का?"

"नाही."

"मग बटण तरी थोडं वाढवू द्या."

"नाही."

"अहो, पण मग मी बरोबर वाजवतोय की चूक, ते मला कळणार कसं?"

जनरेटर तेवढा धडधडत होता.

मग मास्तरांनी ऑल्विनला खांद्याला धरून हातगाडीच्या बरोब्बर मागे उभं केलं. त्या जागी मास्तरांशिवाय मी जन्मात दुसऱ्या कुणाला उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. स्वतः ते वाटेतून बाजूला झाले. जागा कुणाला मिळाली, ते आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं. मी ट्रम्पेट पुन्हा तोंडाला लावला.

ऑल्विन अजून त्यांच्याकडेच बघत होता.

"माझ्याकडे काय बघतोस?" मास्तर म्हणाले. "बायकांचे पाय बघ."